बाबांची बोट काश्मीरमार्गे

"भूमिती अवैध." तीनदा फाइल चढवली, तीनदा हेच दोन शब्द. कुठला बिंदू, काय चुकलं, काही नाही.

बाबा बोटीवर सुकाणी होते. जुन्या सफरींचे नकाशे जमवणारं एक पोर्टल आहे, नाव घेत नाही. तिथे द्यायला त्यांच्या डायरीतली योकोहामा ते लाँग बीच ही सफर निवडली. हर्णैच्या घरी बसून, लीफलेट हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर वापरून, एका संध्याकाळचं काम, असा माझा हिशेब.

पहिली रेघच उलटी गेली. योकोहामाचा रेखांश १३९.६, लाँग बीचचा उणे ११८.२ (पश्चिमेचा म्हणून उणे). सॉफ्टवेअरला हे नुसते आकडे. १८० ला खेटूनच उणे १८० आहे, हे त्याच्या गावी नाही. रेघ पॅसिफिक सोडून चीन, काश्मीर, इराण, भूमध्य समुद्र करत अमेरिकेला पोचली. बाबांनी चष्मा वर सारला.

"बोट काश्मिरातनं नेलीस काय रे?"

उणे ११८.२ मध्ये ३६० मिळवले, २४१.८ झाले, बोट पाण्यात आली. तरी बाबांचं समाधान नाही. "एवढ्या खालनं नव्हतो गेलो. वर थंडीनं दात वाजत होते." खरंच होतं. गोलावरची सर्वांत जवळची वाट नकाशावर वर फुगलेली दिसते; ही जवळजवळ ४८ अंश उत्तरेपर्यंत चढते आणि एकाच अक्षांशाला धरून जाण्यापेक्षा साधारण ५०० किलोमीटर वाचवते. टर्फ ही तयार कोडची लायब्ररी तशी रेघ काढून देते.

मग ते पोर्टल. २४१.८ त्याला चालेना. सगळे रेखांश परत १८० च्या आत आणले, तर एकाच रेघेत १८० वरून उणे १८० वर उडी, पुन्हा अवैध. पोर्टलवाल्यांना फोन केला. "तुमच्याकडे बरोबर दिसतंय ना? मग तुमच्याच बाजूला बघा." हे वाक्य कुणाला सुचतं तरी कसं! त्यात गडगडाट सुरू झाला नि लाइट गेली.

शेवटी जिओजेसनचं, म्हणजे नकाशाची फाइल लिहायच्या पद्धतीचं, २०१६ चं मानक उघडलं, आरएफसी ७९४६. १८० ओलांडणारी रेघ तिथे कापून दोन तुकडे करावेत, असं त्यात लिहिलंय. कापली. पुन्हा अवैध! दुसऱ्या तुकड्याची सुरुवातही मी १८० च ठेवली होती. ती उणे १८० हवी. एवढ्या एका चिन्हापायी रात्र गेली, आणि ते चिन्ह दाखवणारा एक शब्द त्यांना लिहिता आला नाही.

कापायच्या बिंदूचा अक्षांशही गोलावरूनच काढा. मी त्रैराशिकाने ३४.७ काढला होता, खरा ४७.३. रेघेला मधोमध विहिरीएवढा खड्डा पडला होता. आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं: जिओजेसनमध्ये आधी रेखांश मग अक्षांश, लीफलेटमध्ये नेमकं उलट.

चौथ्यांदा फाइल गेली. मी एकटाच टाळ्या वाजवल्या. मग नकाशा उघडला तर सगळी पृथ्वी समोर, कारण किती भाग दाखवायचा ती चौकट किमान-कमाल रेखांशांवरून काढलेली. मानकात पश्चिमेची कड १३९.६ आणि पूर्वेची उणे ११८.२ अशी चौकट चालते. पोर्टलला चालत नाही. ते मी सोडून दिलं.

राहिली तारीख. पूर्वेकडे जाताना वाररेषा ओलांडली की तोच दिवस परत येतो, म्हणून डायरीत १२ फेब्रुवारी दोनदा आहे. तारखेप्रमाणे लावल्यावर बोट पुढे जाऊन मागे येत होती. सगळ्या वेळा यूटीसीत, म्हणजे जगभर एकच धरलेल्या वेळेत, नेल्या तेव्हा सरळ चालली. पोर्टलच्या फॉर्ममध्ये मात्र एका तारखेला एकच नोंद.

बाबा म्हणाले, "दुसरी ठेव. पहिल्या दिवशी वांतीच करत होतो."