रनीमीड: कबर नसलेल्या बॉम्बर सैनिकाचं नाव शोधायला जाताना

रनीमीडचं हवाई दल स्मारक लंडनच्या पश्चिमेला, एगमजवळच्या कूपर्स हिलवर आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन आणि उत्तर-पश्चिम युरोपातल्या तळांवरून उडालेल्या, पण कबर माहीत नसलेल्या २० हजारांहून अधिक जणांची नावं इथे कोरली आहेत. बॉम्बर कमांडचे, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागाचे, सैनिक त्यांत फार मोठ्या संख्येने आहेत. भूमध्य समुद्राच्या बाजूला बेपत्ता झालेल्यांसाठी माल्टा आणि ब्रह्मदेशाकडच्यांसाठी सिंगापूरचं क्रांजी अशी वेगळी स्मारकं आहेत. त्यामुळे प्रवासाचं तिकीट काढण्याआधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या युद्धातल्या मृतांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर नाव शोधून पॅनल क्रमांक (नाव कोरलेल्या दगडी फलकाचा) लिहून घ्या. शोधताना सेवा क्रमांक हाताशी हवाच, कारण एकाच आडनावाचे अन् आद्याक्षरांचे अनेक जण निघतात.

पॅनल क्रमांक नसेल तर शोध फार लांबतो. नावं आधी वर्षाप्रमाणे, मग हवाई दलाप्रमाणे (ब्रिटिश, कॅनेडियन वगैरे), मग हुद्द्याप्रमाणे आणि शेवटी आडनावाच्या क्रमाने आहेत. गोंधळ हुद्द्यात होतो. बेपत्ता झाल्यानंतर बढती मंजूर झाली असेल, तर घरच्या पत्रात सार्जंट असलेला माणूस भिंतीवर वरच्या हुद्द्याखाली सापडतो. तारखेचंही तसंच. संध्याकाळी उडालेलं विमान मध्यरात्रीनंतर पडलं, तर नोंद दोन्हीपैकी कुठल्याही तारखेला असू शकते. ३१ डिसेंबरच्या रात्रीची मोहीम असेल, तर दोन्ही वर्षं पाहा.

लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून एगमला थेट गाडी आहे, साधारण ४० मिनिटांची. तिथून पायी पाऊण तास धरा, शेवटी चांगलीच चढण आहे. नकाशात नुसतं 'रनीमीड' टाकू नका. तसं केलं तर थेम्सकाठी जिथे मॅग्ना कार्टा ही इंग्लंडची जुनी सनद झाली, त्या कुरणात पोहोचाल आणि तिथून टेकडीवर यायची पायवाट पावसात निसरडी असते. कूपर्स हिल लेन असं टाका. प्रवेश विनामूल्य आहे.

नावं अरुंद खिडक्यांच्या दगडी बगलांवर आहेत, अर्धवट उघडलेल्या पुस्तकाच्या पानांसारखी. उजेड एका बाजूने येतो, त्यामुळे एका बगलेवरची अक्षरं ठळक दिसतात आणि समोरच्या बगलेवरची पुसट. फोटोसाठी छोटी टॉर्च अक्षरांना समांतर, कडेने धरा. फ्लॅश समोरून मारला की कोरीव अक्षरं सपाट होतात. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू घासू नका, दगड खराब होतो.

नाव सापडलं की तिथेच थांबू नये, असं आमचं ठाम मत आहे. लँकेस्टर या बॉम्बफेकी विमानाच्या क्रूमध्ये साधारणपणे ७ जण असत आणि त्यांतल्या काहींना जर्मनीत राइक्सवाल्ड किंवा राइनबर्गच्या युद्ध-दफनभूमीत कबर मिळालेली असते. सगळ्यांची नावं एका कागदावर आणलीत तर इथे आणखी कोण कोण आहे तेही कळतं. लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या 'एअर २७' मालिकेत स्क्वाड्रनच्या रोजच्या नोंदी आहेत. त्या रात्री विमानात कोण होतं, ते तिथे मिळतं.

परतताना लंडनच्या ग्रीन पार्कमधलं बॉम्बर कमांडचं स्मारक (२०१२) पाहा, हाइड पार्क कॉर्नर स्थानकाजवळच आहे. त्याच्या छतातलं ॲल्युमिनियम हॅलिफॅक्स एलडब्ल्यू६८२ या विमानाचं आहे. हे विमान मे १९४४ मध्ये बेल्जियममधल्या दलदलीत कोसळलं. त्यातले तिघे १९९७ मध्ये अवशेष वर काढल्यावर सापडले आणि त्यांचं रीतसर दफन झालं. अशी ओळख पटली की स्मारकावरचं नाव पुढे काढलं जातं. म्हणून नोंद फार पूर्वी पाहिली असेल, तर निघण्याच्या आठवड्यात पुन्हा तपासा.