मास्टर्स झालं न गावाले आलो

जर्मनीत थीसिस सबमिट केली न बॅग घेऊन निघालो, २०२५ च्या ५८ युरोवाल्या डॉइचलँड तिकिटावर (जर्मनीभर लोकल गाड्यांत चालणारा महिन्याचा पास) फास्ट गाड्या चालत नाहीत म्हणून लोकल बदलत बदलत हॅम्बुर्गपासून खाली बोडेनझेच्या तळ्यापर्यंत फिरलो, रात्री साडेनऊलेही उजेड, लय मजा आली.

आज नागपूरले उतरलो तं दारातच भट्टीवानी झळ! मंग एसटीनं आर्वी, पुढं काकाच्या गाडीवर. मायनं आमरस न सरगुंडे केलते, पोट फुटेस्तोवर हाणले. बाबा डिग्रीबद्दल एक शब्द नाही बोलले, डायरेक्ट वावरात नेलं न विचारते, "मृग लागला पण पाणी नाही, पऱ्हाटी टोबाची का थांबाचं?" मी शिकलो मशीन डिझाइन, पण म्हटलं थांबा. शेजारच्या आजीले वेगळंच टेन्शन, पोट्ट्यासाठी पोरगी कवा पाहाची 😄