मानस

मराठीत ‘मानस’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. ‘निर्धार’ म्हटले की समोरचा लगेच तारीख विचारतो, ‘संकल्प’ म्हटले की निदान हातावरून पाणी तरी सोडावे लागते. मानस मात्र काहीही न करता वर्षानुवर्षे बाळगता येतो. नोकरी सोडण्याचा माझा मानस २०१९ पासूनचा आहे. त्या वर्षी लिहिलेला राजीनाम्याचा मसुदा फोनमध्ये अजून तसाच आहे. दरवर्षी एप्रिलमध्ये, बँकेचे वर्षअखेरीचे हिशेब उरकले की मी तो उघडतो, एखादा स्वल्पविराम इकडचा तिकडे करतो, एखादा कठोर शब्द मऊ करतो आणि पुन्हा मिटतो. सहा वर्षांत त्या पत्राची भाषा इतकी सुधारली आहे की, ते कधी पाठवले गेलेच, तर वाचणाऱ्याला माझ्या जाण्यापेक्षा माझ्या गद्याचे अधिक वाईट वाटेल.

मी राहतो त्या गोव्यातल्या चोडण बेटावर मात्र ‘मानस’ या शब्दाचा अर्थ निराळा आहे. मांडवी आणि म्हापसा या दोन नद्यांच्या मधले हे बेट, आणि त्याच्या कडेने खाजन शेते. खाजन म्हणजे खाडीचे पाणी बांध घालून अडवून, त्याच्यामागे कसायला घेतलेली सखल जमीन. भरतीच्या वेळी नदीची पातळी शेताच्या वर असते आणि मधला बांध हाच काय तो आधार. या बांधात पाणी जाण्यायेण्यासाठी चिऱ्यांच्या बांधकामात जाड फळ्यांची दारे बसवलेली असतात, त्या रचनेला मानस म्हणतात. मनातला मानस पुल्लिंगी, ही मानस स्त्रीलिंगी. पहिल्यावाचून कोणाचे काही अडत नाही; दुसरी बिघडली तर खारे पाणी शेतात शिरते, आणि कोरगुटीसारखे खारटपणा सोसणारे भातसुद्धा किती सोसणार, याला मर्यादा असते.

मानशीच्या दाराला ना कडी, ना कुलूप, ना राखणदार. नदीला भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ते चौकटीवर घट्ट मिटते. ओहोटी लागून बाहेरची पातळी उतरली की आत साठलेले पाणी त्याला ढकलते आणि ते नदीकडे उघडते. दिवसातून दोनदा मिटायचे, दोनदा उघडायचे. लहानपणी मी चुलत्यांना, म्हणजे आमच्या बापूंना, विचारले होते की रात्री हे दार उघडायला कोण येते. बापू म्हणाले, “दार कोणूच उगडिना रे, उदकच उगडटा.” तेव्हा मला ती मोठी जादू वाटली होती. अलीकडे त्या वाक्याचा मी फार गैरवापर केला, तो कसा ते पुढे येईलच.

आधी नोकरीविषयी सांगायला हवे. सकाळी चोडणच्या धक्क्यावर फेरीबोट, पलीकडे रायबंदर, आणि तिथून पणजीपर्यंत १६३३-३४ साली बांधलेला तो तीन किलोमीटरचा जुना दगडी मार्ग. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरे, आणि हिवाळ्यात तिथे उतरलेले पक्षी. इतक्या सुंदर वाटेने कामावर जाणारे लोक जगात थोडेच असतील. पण गेली कित्येक वर्षे त्या वाटेवर मी पक्षी पाहिल्याचे मला आठवत नाही. सव्वानऊला फोनवर सामूहिक बैठक असते आणि तिच्यात प्रत्येक शाखेने आज किती खाती, किती ठेवी, किती विमा, हे ‘कबूल’ करायचे असते. गुन्हा कबूल करतात तोच शब्द इथे का वापरतात, असा प्रश्न मला पूर्वी पडत असे. संध्याकाळी साडेपाचला पुन्हा फोन, सकाळी कबूल केलेल्यातले किती झाले ते सांगायला. मधल्या आठ तासांत काउंटरवर माणसे येतात, पण त्यांच्याकडे बघताना मला त्यांचे चेहरे दिसेनासे झाले आहेत. दिसते ती त्यांच्या खात्यातली शिल्लक.

मागच्या मार्चमधली गोष्ट. आमच्याच बेटावरची एक मावशी मुदत संपलेली ठेव नव्याने ठेवायला आल्या. मुलगा बोटीवर नोकरीला, घरी त्या एकट्या. माझ्या टेबलावर विम्याचा अर्ज होता आणि महिनाअखेरीला दोन दिवस उरले होते. वर्षाला पन्नास हजारांचा हप्ता, पाच वर्षे. मुलाचा करार पुढच्या वर्षी वाढेल की नाही हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि मला ते विचारायचे नव्हते. “तूं सांगता म्हण सय करतां रे पुता,” असे म्हणत त्यांनी चष्मा पुसला आणि मी बोट ठेवत गेलो तिथे तिथे सही केली. त्या संध्याकाळच्या फोनवर माझ्या शाखेचे नाव कौतुकाने घेतले गेले.

दहा-बारा दिवसांनी त्या फेरीबोटीवर भेटल्या. पॉलिसीचे पाकीट पिशवीत होते आणि त्यात काय लिहिले आहे ते मी वाचून दाखवावे, अशी त्यांची इच्छा होती. इंजिनाच्या घरघरीत मी तिथेच त्यांना सांगितले की, कागद हाती पडल्यापासून तीस दिवसांच्या आत नको म्हटले तर किरकोळ वजावट सोडून पैसे परत मिळतात, आणि तुम्ही नको म्हणावे. अर्जही मीच लिहून दिला. पुढच्या महिन्यात माझ्या नावापुढे तो आकडा उणे होऊन आला आणि ग्राहक ‘टिकवण्यात’ मी कमी पडलो, असे सर्वांसमोर ऐकवले गेले. मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे होते ते फेरीबोटीवर बोलून झाले होते. पण त्या कामाचा अभिमान वाटावा तर सही घेणाराही मीच होतो.

मग सोडत का नाही, हा साधा प्रश्न. पूर्वी माझ्याकडे त्याचे दरवर्षी नवे आणि पक्के उत्तर असे. २०१९ मध्ये नोकरीला चार वर्षे झाली होती आणि १९७२ च्या कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटी मिळायला पाच वर्षे लागत, म्हणून एक वर्ष थांबायचे ठरले. पाचवे वर्ष संपले तेव्हा टाळेबंदी आली आणि पगार चालू आहे हेच नशीब वाटू लागले. २०२१ मध्ये कर्मचाऱ्यांच्या सवलतीच्या दराने घराचे कर्ज घेतले; नोकरी सोडली की ती सवलत जाते. त्यानंतर मुलीची दहावी. दर वेळी कारण खरे होते, आणि दर वेळी ते संपायच्या आत दुसरे तयार होते. धरले तर चावते, सोडले तर पळते, ही म्हण ज्याने केली त्याने नक्की कोणत्या तरी शाखेत काम केले असावे.

‘भरती’ हा शब्दही असाच दुटप्पी आहे. सरकारी नोकरभरतीची जाहिरात निघाली की आमच्या गोव्यात घराघरांत जे वारे वाहते, ते मी वेगळे सांगायला नको. कोकणी येणे आवश्यक, मराठी येणे इष्ट, या दोन कलमांपुरता मी पूर्ण पात्र आहे. वयाची अट पंचेचाळीस आणि मी त्रेचाळीसचा, म्हणजे दारही अजून मिटलेले नाही. एकदा कनिष्ठ कारकुनाच्या संगणकावरच्या परीक्षेला बसलोसुद्धा. शेजारच्या खुर्चीवर माझ्या भाचीच्या वयाची मुलगी होती. तिने मला परीक्षक समजून जागेवरून उठून नमस्कार केला. निकालाविषयी न लिहिलेलेच बरे. म्हापशाला एक मित्र सहकारी संस्थांच्या हिशेबांचे काम करतो, तो तीन वर्षांपासून बोलावतो आहे. पगार तिसऱ्या हिश्शाने कमी, पण विकायचे काही नाही. त्याला मी ‘बघू’ म्हणतो. ‘बघू’ हा मानसाचा धाकटा भाऊ.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या रोगांच्या वर्गीकरणात कामाच्या ताणाने येणाऱ्या या थकव्याची नोंद आहे: शक्ती संपणे, कामाविषयी मन उडणे किंवा कडवट होणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. तिन्ही मला तंतोतंत लागू पडतात. पण त्याच वर्गीकरणात तो आजार मानलेला नाही, कामाशी निगडित अवस्था मानली आहे. म्हणजे रजेच्या अर्जात कारण म्हणून ‘ताप’च लिहायचा. बायको सिंधुदुर्गातल्या बांद्याकडची आणि स्पष्ट बोलणारी. ती म्हणते, “अहो, तुमच्या राजीनाम्याची आता पत्रिकाच छापा. मुहूर्त तेवढा टाकायचा राहिलाय.”

अशा वेळी मला बापूंचे वाक्य आठवत असे. दार कोणी उघडत नाही, पाणीच उघडते. म्हणजे आपली ओहोटी अजून आलेली नाही. ती आली की दार आपोआप उघडेल, भरतीच्या पाण्याशी झुंजण्यात काय अर्थ आहे? हा विचार इतका शहाणा, इतका मातीतला वाटे की त्याच्या आडोशाला मी निदान दोन वर्षे आरामात काढली. मनात मांडे खाण्याचा हा अधिक सुसंस्कृत प्रकार.

त्यातली खोट कळली ती यंदा, भातकापणीनंतर. आमच्या बाजूच्या मानशीचे एक दार ओहोटीलाही पुरते उघडत नव्हते. वीतभर फट पडे आणि तिथेच ते थांबे. आतले पाणी तुंबून शेताच्या कडेला शेवाळ धरू लागले होते. मानशीतली मासळी पकडण्याचा हक्क ज्याने पावणीत, म्हणजे लिलावात, घेतला होता, तोही कुरकुरत होता. बापूंचे वय आता शहात्तर, पण त्यांनी पंचांग पाहून सांगितले की अमावास्येला पाणी सर्वांत खाली जाईल, तेव्हा बघू. त्यांचा ‘बघू’ माझ्यासारखा नसतो. २० नोव्हेंबरच्या गुरुवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, कारण अर्थातच ताप, आणि दुपार कलल्यावर बांधावर गेलो.

पाणी ओसरत होते. पायऱ्यांचे दगड उघडे पडले, चिखलात खेकड्यांची बिळे दिसू लागली. मी बापूंना विचारले की आता ओहोटी आहे, आतून पाणीही ढकलते आहे, मग हे उघडत का नाही. बापूंनी माझ्याकडे, बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला एवढेही कळू नये, अशा नजरेने पाहिले आणि म्हणाले, “ताका कालवां लागल्यांत मरे.”

वाकून पाहिले तेव्हा दिसले. चौकटीच्या खालच्या अंगाला, जिथे दाराची कड टेकते आणि फिरते, तिथे कालवांचे थरच्या थर चिकटले होते. शिंपल्यावर शिंपला, मध्ये गाळ, वर पुन्हा शिंपला. एकेक कालव अंगठ्याएवढे. त्यातले कोणतेही एक दार अडवण्याइतके मोठे नव्हते, आणि त्यातले कोणतेही एका दिवसात आलेले नव्हते. ओहोटी रोज दोनदा येऊन गेली होती. सहा वर्षांत, मी उभ्याउभ्याच हिशेब केला, ती चार हजारांहून अधिक वेळा येऊन गेली असेल.

बापूंनी कोयती माझ्या हाती दिली. मी गुडघाभर चिखलात उतरून खरवडू लागलो. कालव सहज सुटत नाही. कड पाहून पाते घालावे लागते आणि मनगट फिरवावे लागते, नुसता जोर केला तर पाते निसटून बोट कापते, आणि माझे कापलेही. साडेपाचला खिशातला फोन वाजू लागला. दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले होते. फोन वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला. बापू वरून ओरडले, “मातशें सकयल, सकयल!” मी आणखी खाली वाकलो.

अंधार पडताना दार एकदा करकरले आणि हातभर सरकले. पावणीवाल्याने खूश होऊन चार शेवटे मासे माझ्या पिशवीत टाकले.

घरी येऊन हात धुतले, बोटाला पट्टी बांधली आणि जे मी रोज दहा जणांना करून देतो ते पहिल्यांदाच स्वतःसाठी करायला बसलो. कर्ज उरले आहे बावीस लाख, वर्षे पंधरा. सवलतीचा दर सात टक्के धरला आणि बाहेरचा पावणेनऊ, तर महिन्याच्या हप्त्यात फरक पडतो सुमारे २,२०० रुपयांचा. चार वर्षे ज्या आकड्याला मी भीत होतो तो एवढा होता. पगारातला तिसरा हिस्सा ही गोष्ट मोठी आहे, ती २,२०० मध्ये मावत नाही. त्यासाठी गाडीचा हप्ता, मुलीची शिकवणी, आईची औषधे असा वेगळा कागद करावा लागला आणि त्याच्या तळाशी आलेला आकडा मला अजून आवडलेला नाही. पण तो आकडा आहे.

मग मसुदा उघडला. त्यातला स्वल्पविराम हलवला नाही. नोटीस नव्वद दिवसांची. ३१ डिसेंबरला पत्र दिले तर जानेवारीचे एकतीस, फेब्रुवारीचे अठ्ठावीस आणि मार्चचे एकतीस मिळून बरोबर नव्वद होतात. वर उजव्या कोपऱ्यात तारखेची जागा सहा वर्षे कोरी होती. तिथे ती तारीख लिहिली आणि बायकोला हाक मारली.

ती शेवटे साफ करत होती. “अहो, थांबा जरा,” स्वयंपाकघरातून आवाज आला, “माझे हात खराब आहेत.”