उत्तराखंडातलं चोपता-तुंगनाथ: भुंगेरे बघायला जाणार असाल तर

"जितकं वर जाल तितके किडे मोठे, साहेब," असं सांगून वाटाड्याने चढाच्या पायथ्याशी, चोपत्यालाच पूर्ण पैसे घेतले. साफ थाप! ऊखीमठला, १३०० मीटरच्या आसपास, रात्री दिव्यावर आलेला स्टॅग बीटलचा (शिंगवाल्या भुंगेऱ्याचा) नर तळहातभर वाटावा असा. तुंगनाथच्या देवळाच्या वर, साडेतीन हजार मीटरच्या पुढे, दगडांखाली दिसले ते नखाएवढे काळे, धावरे भुंगेरे. कूळच वेगळं, त्यामुळे ही तुलनाच निरर्थक. उंचीने आकार बदलतो का हे बघायचं, तर एकाच जातीचे नर आणि माद्या खाली-वर ताडून बघायचे असतात.

स्टॅग बीटलचा नर फोटोत मादीपेक्षा भलताच मोठा दिसतो, कारण त्याची 'शिंगं' म्हणजे वाढलेले जबडे. ते सोडा, पाठीवरच्या कडक पंखांची लांबी धरा. आणि एका नरावरून निष्कर्ष नको: अळीला कुजक्या लाकडात खायला किती मिळालं, त्यावर त्याचा आकार ठरतो. धावऱ्यांमध्ये बहुधा उलट, अंडी बाळगणारी मादी मोठी. नर ओळखायचा तर पुढचे पाय बघा: पावलाची पेरं रुंद, खाली चिकट केसांची गादी, मीलनात मादीच्या पाठीवर पकड राहावी म्हणून. उंचावर उन्हाळा तोकडा, त्यामुळे कित्येक जातींत अंगच लहान राहतं; पण नर-मादीतला फरक वाढेल की घटेल, हे जातीगणिक वेगळं.

तुंगनाथपर्यंत फरसबंद वाट आहे, चढा. खरी गोची पुढे. चंद्रशिला शिखर जेमतेम दीड किलोमीटर, पण पावसात तो चढ म्हणजे निव्वळ चिखल आणि सुटे दगड. धुक्यात पुढचं पाऊल दिसत नाही, उतरताना गुडघे रडतात. आमचा वाटाड्या देवळापाशी चहाला बसला तो बसलाच. भुंगेऱ्यांसाठी शिखर गाठायची काही गरज नाही, देवळाच्या आसपासचे दगड पुरेत. उचललेला दगड होता तसाच ठेवा. हे अभयारण्य आहे, १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे परवानगीशिवाय किडा पकडता येत नाही. शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा, पावलांचा जवळून वेगळा.

ऊखीमठचा मुक्काम ठीक, जेवण बरं. वाटाड्या घ्यायचाच असेल तर भाव चोपत्याला नको, ऊखीमठलाच ठरवा. निम्मे पैसे खाली उतरल्यावर द्या, आणि चंद्रशिला धरली आहे की नाही ते आधी वदवून घ्या.