बोले साहेबांचा ठराव आणि आमचे भावी आमदार

सध्या आमच्याकडे महामार्गावर दर दोन किलोमीटरला एक समाजसेवक लटकलेला दिसतो, म्हणजे बॅनरवर हो, हात जोडून, खाली 'भावी आमदार'. समाजसेवा काय केली विचाराल तर गणपतीला चाकरमान्यांसाठी फुकट बस, दहावीच्या पोरांना वह्या, क्रिकेटच्या टुर्नामेंटला चषक. वाईट नाहीये ते, बसचं तिकीट वाचतं माणसाचं. पण आधी समाजकार्य आणि मग सभागृह हा रस्ता कोकणी माणसाने शंभर वर्षांपूर्वी कसा चालून दाखवला ते आठवलं की या बॅनरकडे बघून जरा हसू येतं.

सीताराम केशव बोले हे नाव आज किती जणांना माहितीये? भंडारी समाजातला माणूस, मुंबईत गिरणी कामगारांमध्ये काम केलेला. तेव्हाची गिरण म्हणजे अर्धी रत्नागिरीच, खात्यात कोकणी, चाळीत कोकणी. बोलेंनी १९१० च्या आसपास मित्रांबरोबर कामगार हितवर्धक सभा उभी केली, कामगारांसाठी रात्रशाळा, दारूबंदीचा प्रचार, मालकाशी भांडण झालं की मध्ये पडून बोलणं, असलं सगळं. युनियन म्हणता येणार नाही त्याला, मवाळच काम होतं, पुढे लाल बावटेवाल्यांना ते मिळमिळीत वाटलं असणार. पण माणूस चाळीचाळीतून फिरलेला होता. १९०७ मध्ये भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा जी अभिनंदनाची सभा झाली तिचे अध्यक्ष हेच बोले, आणि त्याच सभेत केळुसकर गुरुजींनी (आमच्या वेंगुर्ल्याजवळच्या केळूसचे बरं का) स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्या मुलाला भेट दिलं.

मग बोले मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले, आणि ४ ऑगस्ट १९२३ ला त्यांनी ठराव मांडला की सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत. ठराव पास झाला, सप्टेंबरात सरकारचा हुकूमही निघाला. यात मला आवडते ती यादी. विहीर, शाळा, दवाखाना, जिथे जिथे माणसाला दारात थांबवलं जातं ती प्रत्येक जागा त्यात आहे, आणि ती यादी घरात बसून सुचत नाही कोणाला.

पण ठराव म्हणजे कागद. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव केला खरा, पण गावात कोण ऐकतंय, पाणी भरायला जायची कोणाची हिंमत नव्हती. तो कागद तळ्यापर्यंत न्यायला परत कार्यकर्तेच लागले. रामचंद्र बाबाजी मोरे, महाड-दासगावकडचे, गावोगाव फिरून महाडला अस्पृश्यांची परिषद भरवायची तयारी करणारे. सुरबानाना टिपणीस, नगरपालिकेतलं वजनदार नाव. आणि अनंतराव चित्रे, सोशल सर्व्हिस लीग या मुंबईतल्या समाजसेवी संस्थेत काम केलेले. २० मार्च १९२७ ला परिषद संपत आली, चित्रे आभार मानायला उभे राहिले आणि म्हणाले की चला, आता तळ्यावर जाऊन पाणी पिऊ! आभाराच्या भाषणाला आपण चपला शोधत असतो, इथे आख्खी सभा बाबासाहेबांच्या मागून तळ्याकडे निघाली.

पुढे मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, आणि ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपलाच १९२४ चा ठराव मागे घेतला. डिसेंबरच्या दुसऱ्या परिषदेच्या वेळी कोर्टाचा मनाई हुकूम आडवा आला, मग केस चालत राहिली ती चालतच राहिली, हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ ला.

त्याच १९३७ साली निवडणूक झाली. बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून टिपणीस कुलाबा जिल्ह्यातून (म्हणजे आजचा रायगड) आणि चित्रे रत्नागिरीतून आमदार झाले. दोघांनाही आपल्या जातवाल्यांच्या शिव्या दहा वर्ष खाऊन झाल्या होत्या, त्यामुळे प्रचारात 'मी तुमचाच' असं सांगायची गरज कमी पडली असावी, हा आपला माझा अंदाज. सप्टेंबरात बाबासाहेबांनी खोती, म्हणजे खोतांनी कुळांकडून सारा वसूल करायची कोकणातली जुनी पद्धत, रद्द करायचं बिल आणलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिलवर मोर्चा घेऊन गेले, आमच्यासारखे एसीच्या गाडीतून नाही. तरी ते बिल पास झालं नाहीच. खोती गेली १९४९ च्या कायद्याने, तोवर देश स्वतंत्र होऊन दोन वर्ष झाली होती.