तडा गेलेली घंटा आणि नारोशंकराची घंटा

"आई, फुटलीय तर मग नवी का नाही आणली?"

लेक पहिलीत आहे. आम्ही फिलाडेल्फियाजवळ राहतो, त्यामुळे शाळेत राष्ट्रीय स्मारकांचा विषय निघाला की श्रीगणेशा लिबर्टी बेलनेच होतो, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं प्रतीक मानल्या जाणाऱ्या, तडा गेलेल्या जुन्या घंटेने. कागदी पेला उपडा घालून, तपकिरी रंगवून मुलांनी घंटा केली. तडा मात्र ज्याने त्याने आपल्या हाताने काढायचा. आमच्या बाईसाहेबांनी तो पार वरपर्यंत नेला, पेला फाटला, चिकटपट्टी लावून घरी आला. आणि पाठोपाठ हा प्रश्न.

खरं सांगते, माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग एका शनिवारी तिला घेऊन गेलो.

तिकीट लागत नाही, फक्त सुरक्षा तपासणीची रांग. आत लांबलचक दालन आहे आणि टोकाला काचेसमोर ती घंटा टांगलेली. काचेतून मागे इंडिपेंडन्स हॉल दिसतो, अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला ती इमारत. वजन साडेनऊशे किलोच्या आसपास. हात लावता येत नाही, पण तडा अगदी जवळून दिसतो. नीट पाहिलं तर त्याच्या कडांवर छिद्र पाडायच्या हत्याराच्या खुणा आहेत, चाळीसहून जास्त. म्हणजे आपण जिला भेग समजतो ती रुंद फट माणसांनीच मुद्दाम पाडलेली आहे! मूळ तडा केसासारखा बारीक होता. त्याच्या कडा एकमेकींवर घासून आवाज बिघडू नये म्हणून कारागिरांनी तो रुंद केला. १८४६च्या फेब्रुवारीत पहिले राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांच्या जयंतीला घंटा वाजवली, नवा तडा वर सरकत गेला आणि घंटा कायमची मुकी झाली.

त्याआधीही ती फुटलेलीच होती. १७५२मध्ये लंडनहून आली आणि चाचणीच्या टोलालाच तडकली. पास आणि स्टो या गावातल्याच दोन कारागिरांनी ती वितळवून १७५३मध्ये पुन्हा ओतली. हे ऐकून लेकीचे डोळे चमकले. "म्हणजे नवी आणली होती, तीच परत फुटली!" दुरुस्त करूनही फुटलेली वस्तू हा तिच्या रोजच्या जगातला विषय. स्वातंत्र्य हा शब्द अजून तिच्या जगातला नाही, आणि मला त्याची घाई नाही.

घंटेवर बायबलमधलं वचन कोरलंय: साऱ्या देशात, तिथल्या सर्व रहिवाशांसाठी स्वातंत्र्य जाहीर करा. शाळेतल्या बाईंनी हे फार छान समजावलं होतं. पुढे काही लोकांनी हे शब्द वाचले आणि विचारलं, 'सर्व' म्हणजे सगळे ना? मग गुलाम का आहेत? 'लिबर्टी बेल' हे नाव १८३०च्या दशकात अशाच गुलामगिरीविरोधी मंडळींनी रूढ केलं. त्या दालनाच्या शेजारीच राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन राहत त्या घराची जागा आहे. त्यांच्या घरात गुलाम होते. ओना जज नावाची तरुणी १७९६मध्ये तिथून निसटली आणि पुन्हा कधी त्यांच्या हाती लागली नाही. सहा वर्षांच्या मुलीला हे सांगावं का, असं मला वाटलं होतं. सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "तिला थंडी वाजली असेल का?"

रोज सकाळी वर्गात छातीवर हात ठेवून ही मुलं झेंड्याला वंदन करतात, प्रतिज्ञा म्हणतात. तिला पहिल्यांदा तसं पाहिलं तेव्हा मला माझं परिपाठाचं मैदान आठवलं, हात पुढे करून म्हटलेलं 'भारत माझा देश आहे'. १९४२पर्यंत इथेही हात पुढेच करत, हे मला नंतर कळलं. आमच्या ओळखीतल्या काही आईवडिलांना मुलांनी रोज ही प्रतिज्ञा म्हणणं खटकतं. सक्ती नाही, तसा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९४३मध्येच झालाय. मी तिला म्हणू देते. घरी 'सारे भारतीय माझे बांधव आहेत' हेही ती म्हणते, आणि 'बांधव' म्हणजे काय ते दर वेळी नव्याने विचारते.

त्या रात्री नाशिकला आजीला फोन लागला. नातीने तड्याची कथा साग्रसंगीत ऐकवली. आजी म्हणाली, "अगं, आपल्याकडेही आहे की मोठी घंटा! गोदाकाठी, नारोशंकराच्या देवळात." मग आजी रंगात आली. चिमाजी अप्पांनी १७३९मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या, एक भीमाशंकरला लागली, एक आपल्या नाशकात. माझं अख्खं बालपण त्या देवळाजवळ गेलं. कुणाचा आवाज मोठा असला की आम्ही त्याला नारोशंकराची घंटाच म्हणायचो. पण ती घंटा चर्चची, हे मला दहावीनंतर कळलं होतं.

नातीने शांतपणे ऐकून घेतलं. "मग चर्चवाल्यांना दुसरी दिली का?"

फोनवर दोन्हीकडे शांतता. शेवटी आजीच म्हणाली, "ते मला नाही गं माहीत. तू ये, आपण वसईला जाऊन विचारू."

सुट्टी जूनमध्ये लागते. आधी वसईचा किल्ला, मग नाशिक, असा क्रम तिने ठरवलाय. पावसाळा असेल म्हणून तिची लाल छत्री आत्तापासून बॅगेत आहे, आणि चिकटपट्टी लावलेला तो पेलासुद्धा. आजीला दाखवायचाय.