उपाशी ठेवत होते का?

"काहून जी मॅडम, कोरोनात पेशंटले उपाशी ठेवत होते का?" लग्नात, ऑटोत, परवा बर्डीवर भाजी घेताना. मी दवाखान्यात आहारतज्ज्ञ आहे म्हटलं की 2021 चा एप्रिल निघतोच.

चिडून देते ते उत्तर: नाही! 60 किलोच्या माणसाला 1600 कॅलरी, 75 ग्रॅम प्रोटीन. घट्ट वरण, अंडी, पनीर. स्टेरॉइडनं साखर चढलेल्यांचा ट्रे वेगळा. तक्ते मीच करायचे. स्वयंपाकघर एक दिवस बंद नव्हतं.

आता खरं. बायपॅपवर, म्हणजे घट्ट मास्कमधून दाबानं हवा देणाऱ्या मशीनवर, उमरेडकडचे एक काका होते. वॉर्डात जायची मला मनाई, राउंड फोनवर. त्यांचा मुलगा रोज विचारायचा, बाबा जेवले का? मी चार्ट बघून "हो" म्हणायचे. पाचव्या दिवशी हट्टानं किट घालून आत गेले. सकाळचा ट्रे टेबलावर, वरचं प्लास्टिक तसंच ताणलेलं, आतून वाफेचे थेंब. रात्रीचा ट्रे पलंगाखाली. चार्टवर दोन्हींसमोर "आहार दिला". दिलाच होता की. सिस्टर एक, पेशंट चौदा. मास्क काढला की सॅच्युरेशन ऐंशीखाली, भरवणार कोण?

काकांनी मास्क जरा उचलला. "थोडासा वरन-भात भेटन का वं पोरी?"

चार चमचे भरवले. पाचव्याला मॉनिटर ओरडला, काका खोकले, मी घाबरून मास्क दाबला. चमचा माझ्या हातात तसाच.

संध्याकाळी नाकातून पोटात नळी टाकून आहार द्यायचा विषय काढला. डॉक्टर कचरले. त्यांचंही खोटं नव्हतं: नळीपाशी मास्क नीट बसत नाही, हवा गळते, पोट फुगलेलं असलं तर उलटी फुप्फुसात जायची भीती. दुसऱ्या दिवशी टाकली. इतक्या उपासानंतर एकदम भरपूर दिलं तर रक्तातलं फॉस्फेट धोकादायक घसरतं, म्हणून थोडंथोडं वाढवलं. तिसऱ्या दिवशी काका गेले.

फुप्फुसंच संपली होती, असं तेव्हा मी मुलाला सांगितलं. उपाशी शरीर श्वास ओढणारे स्नायूही झिजवतं, हे मीच विद्यार्थ्यांना शिकवते. दोन्ही खरं आहे. काकांच्या बाबतीत कशाचा वाटा किती, मला ठरवता येत नाही. विचारणाऱ्यावर मी चिडते ते बहुतेक त्यामुळेच.

हल्ली माझ्या चार्टवर "दिला" चालत नाही. किती खाल्लं ते लिहायचं, चमच्यांत. सिस्टर वैतागतात. परवा एकीनं लिहिलं, "साडेतीन".